जुन्या मोटार यॉटचं इंजिन ट्रायलला पूर्ण रेस घेत नाही: दोष नेमका कुठे आहे?

बोट मनात भरलेली असते. केबिन नीटनेटकी, लाकूडकाम सुबक, इंजिन रूमला ताजा पांढरा रंग. किल्ली फिरवली की दोन्ही डिझेल इंजिनं झटकन सुरू होतात. मग ट्रायलला बाहेर निघायचं, लिव्हर हळूहळू पुढे न्यायचे, आणि तिथे घोडं अडतं. नेमप्लेटवर २,८०० आरपीएम लिहिलेलं असतं. डावं इंजिन २,७८० पर्यंत जातं आणि उजवं २,४०० च्या पुढे हलायला तयार नसतं. नाहीतर आकडा गाठतं, पण पाच मिनिटांत टेम्परेचरचा काटा चढू लागतो. विकणाऱ्याची उत्तरं तयार असतात: "तळाला शेवाळ धरलंय", "मीटर जुना आहे", "बरेच दिवस उभी होती, चार फेऱ्या मारल्या की मोकळी होईल".

यातलं कुठलंही उत्तर खरं असू शकतं. मात्र प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे, बोटीवरच पडताळून पाहता येतं, आणि ते पडताळल्याशिवाय बयाण्याचा पैसा हातातून सोडू नये असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट धरून चाला. थकलेलं इंजिन दोनच वेळी स्वतःला लपवू शकत नाही: पूर्ण गार असताना सुरू होताना, आणि पूर्ण लोडवर सलग पंधरा-वीस मिनिटं चालताना. मधल्या काळात, म्हणजे तापलेलं इंजिन मध्यम रेसवर चालत असताना, जवळजवळ प्रत्येक इंजिन गुणी वाटतं.

मी पहिली जुनी यॉट घेतली ती नेमकी या मधल्या काळावर विश्वास ठेवून. पोचलो तेव्हा इंजिनं आधीच सुरू होती, "तुमचा वेळ वाचावा म्हणून". अर्धा तास १,८०० वर फिरलो, आवाज गोड होता, व्यवहार केला. सात महिन्यांनी एका सकाळी उजव्या इंजिनाचा सेल्फ एकदा कुंथला आणि जागीच थांबला. दोन सिलिंडरमध्ये खारं पाणी होतं. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे जिथे धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप, आतून सडला होता. पुढे जुने फोटो चाळताना दिसलं की पाहणीच्या दिवशी मीच काढलेल्या फोटोत त्या एल्बोखाली तांबूस ओघळ स्पष्ट होता. ओघळ बघितला होता, त्याचा अर्थ विचारला नव्हता.

आधी गार इंजिन

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि गप्पा सुरू होण्याआधी इंजिन रूममध्ये उतरून दोन्ही ब्लॉकवर तळहात ठेवा. ब्लॉक कोमट लागला तर ट्रायल दुसऱ्या दिवशी ठेवा. इथे भीड धरू नका. थंड हवेत ब्लॉक हीटर बसवलेला असणं गैर नाही, पण त्या दिवशी तो रात्रभर बंद असायला हवा.

एवढा आग्रह का, तर डिझेल पेटतं ते केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले की दाब कमी पडतो आणि हवा पुरेशी तापत नाही. इंजिन गरम असेल तर सिलिंडरच्या भिंतींची ऊब ती उणीव भरून काढते. गार इंजिनात ती उघडी पडते. एकाला मागे एक्झॉस्टपाशी उभं करा, फोनवर व्हिडिओ चालू ठेवा आणि मग सेल्फ मारा. हवा फार गारठलेली नसेल तर निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत पेटतं, थोडा पांढरा धूर सोडतं आणि काही मिनिटांत निवळतं. दहा मिनिटांनंतरही पांढरा धूर येत असेल आणि मागच्या पाण्यावर तेलकट इंद्रधनुषी तवंग पसरत असेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. कारण एकतर नोजल (डिझेल फवारणारी तोटी), नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब). धूर आणि वाफ यांची गल्लत मात्र करू नका. वाफ एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर विरून जाते, धूर पाण्यावर रेंगाळतो.

इंजिन पेटायला वेळ लागत असेल तर सेल्फ मारत राहू नका. ओल्या एक्झॉस्टच्या इंजिनात सेल्फबरोबर समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो, पण ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरकडे येऊ शकतं. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून सेल्फ मारायचा आणि इंजिन पेटलं की लगेच उघडायचा. दुसऱ्याच्या बोटीवर ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि नुसतं टेकवून ठेवा. हलकी वाफ आली तर चालेल. झाकण तडतड नाचू लागलं किंवा तिथून धुराचा झोत फुसफुसत आला, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. दोन इंजिनं असतील तर दोन्हीवर हेच करून पाहा.

जुळ्या इंजिनांचा मोठा फायदा हाच. दोघांचं वय एक, बोट एक, तळ एक, आणि बहुतेक वेळा निगा राखणारा माणूसही एक. त्यामुळे डावं इंजिन उजव्याची मोजपट्टी ठरतं. प्रत्येक आकडा जोडीनेच लिहा: सुरू व्हायला लागलेले सेकंद, ऑइलचा दाब, तापमान, पूर्ण रेसचा आकडा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा या दोन रकान्यांमधला फरक जास्त सांगून जातो. आणि "तळाला शेवाळ आहे" हे उत्तर एकाच इंजिनाच्या कमी रेससाठी सहसा लागू पडत नाही, कारण शेवाळ दोघांनाही सारखंच ओढतं.

रेस घेत नाही तेव्हा

पहिला संशय मीटरवर. जुने मीटर शे-दोनशे आरपीएम सहज चुकतात. क्रँक पुलीवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून हातातल्या फोटो टॅकोमीटरने मोजा. उपकरण स्वस्त असतं आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

मीटर बरोबर निघाला, तर तापलेल्या इंजिनाला न्यूट्रलमध्ये क्षणभर पूर्ण लिव्हर द्या. नेमप्लेटच्या आकड्याच्या थोडं वर जाऊन गव्हर्नरने, म्हणजे रेसवर मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेने, त्याला अडवायला हवं. बिनलोडचंही तिथवर पोचत नसेल तर केबल पूर्ण ओढली जात नाही किंवा पंपावरचा लिव्हर टोकाला टेकत नाही. एकाने वर लिव्हर धरायचा, दुसऱ्याने खाली पंपाशी बघायचं. नुसता केबलचा दोष असेल तर त्याच दिवशी दुरुस्त होतो.

न्यूट्रलमध्ये ठीक, लोडवर अडतं, असं असेल तर धुराकडे बघा. माझ्या लेखी संपूर्ण तपासणीतली ही सर्वांत कामाची खूण आहे. रेस कमी आणि धूर काळा, तर डिझेल पोचतंय पण ते जाळायला हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त आहे. रेस कमी आणि धूर नाहीच, तर बहुधा डिझेलच पुरेसं पोचत नाही. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि खर्चही वेगळा.

काळ्या धुराची वाट आधी. पूर्ण रेसवर चालत असताना इंजिन रूमचं झाकण उघडायला सांगा. रेस लगेच वाढली तर इंजिनं हवेसाठी तडफडत होती. हवेच्या वाटा बुजल्या आहेत किंवा कुणीतरी नंतर आवाजबंदीचे पत्रे लावताना त्या अरुंद केल्या आहेत. फरक पडला नाही तर एअर फिल्टर, मग टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग), मग आफ्टरकूलर (ती हवा गार करणारा). टर्बोचं चाक इंजिन बंद आणि गार असताना बोटाने फिरवून बघा. ते मोकळं फिरायला हवं, बाजूला किंचित हललं तरी चालेल, पण त्याचं पातं घराला घासता कामा नये.

आणि पंखा, म्हणजे बोट ढकलणारा प्रोपेलर. पंख्याला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हिशेब करून पाहा: २,८०० चं इंजिन २,४०० वर अडलं, तर २,४०० भागिले २,८०० म्हणजे ०.८६, आणि त्याचा घन सुमारे ०.६३. पंखा योग्य मापाचा असेल तर ते इंजिन त्याच्या ताकदीच्या ६३ टक्क्यांवरच थांबलंय, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ताकद बेपत्ता आहे. पंखाच मोठा असेल तर गोष्ट उलटी: इंजिन पूर्ण डिझेल जाळतंय, पण कमी फेऱ्यांत. अशा बोटीने वर्षानुवर्षं असं ओझं वाहिलं असेल, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टननी ते सोसलेलं असतं. पंखा बदलून आकडा जुळेल, झालेली झीज भरून निघणार नाही. पिच (पात्यांचा तिरकेपणा, इंचांत मोजतात) एक इंचाने कमी केला तर साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात, तेव्हा बोट वर काढल्यावर पंख्याच्या बुंध्यावर कोरलेलं माप नक्की लिहून घ्या. दोन्ही इंजिनांना सारखीच रेस कमी असेल आणि तळ स्वच्छ असेल, तर पंखा किंवा वाढलेलं वजन हाच पहिला संशय. वीस-तीस वर्षांत बोटीवर जनरेटर, एसी, जादा बॅटऱ्या, छत असं काय काय चढत जातं, पण पंखा जुन्या वजनाचाच राहतो.

आता दुसरी वाट, बिनधुराची. एका ओळखीच्या माणसासाठी ट्रायलला गेलो होतो. उजवं इंजिन चार मिनिटं २,७५० वर छान चाललं आणि मग आपणहून २,४५० वर उतरलं. धूर नाही, तापमान स्थिर. रेस कमी करून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लिव्हर दिला, पुन्हा चार मिनिटं जोर आणि पुन्हा तीच उतरण. बरोबरच्या मिस्त्रीने डिझेल फिल्टरच्या डोक्यावर व्हॅक्यूमचा गेज लावला. रेस चढली तसा काटा वर जात राहिला, म्हणजे पंप ओढतोय आणि मागून काहीतरी अडवतंय. फिल्टर नवा होता. मग क्रॉसओव्हरची, म्हणजे दोन टाक्या जोडणाऱ्या नळीची, चावी फिरवून उजव्या इंजिनाला डाव्या टाकीचं डिझेल दिलं, आणि ते वीस मिनिटं न हलता चाललं. दोष टाकीतल्या गाळात आणि तोंड बुजलेल्या पिकअप पाइपात निघाला. टाकी साफ करणं घाण आणि कष्टाचं काम आहे, पण ते इंजिन उतरवणं नव्हे. त्या दिवशी एक चांगली बोट हातची जाता जाता राहिली. रेस पडली म्हणजे इंजिन मेलं, हा निष्कर्षही तितकाच घाईचा असतो.

फिल्टरच्या काचेच्या वाटीत बुडबुडे दिसले तर लाइन कुठेतरी हवा धरतेय. तळाशी काळा, शेंबडासारखा थर दिसला तर टाकीत पाणी आहे आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर जंतू वाढलेत.

गरम होतं तेव्हा

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जा आणि एकाने सतत इंजिन रूममध्ये राहून दर दोन मिनिटांनी त्याच त्याच जागा मोजाव्यात: थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचं) घर, हीट एक्स्चेंजरची (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणाऱ्या भागाची) दोन्ही टोकं, एक्झॉस्टचा ओला पाइप. फिरत्या पट्ट्यांपासून कपडे आणि हात जपा, कानांना संरक्षण लावा. सागरी डिझेलांचे बरेचसे थर्मोस्टॅट ७१ ते ८२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतात. पूर्ण लोडवर तापमान त्याच्या काही अंश वर चढून स्थिर झालं तर ठीक. स्थिर न होता हळूहळू चढतच राहिलं, तर उष्णता बाहेर टाकण्याची वाट चोंदलेली आहे. इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेपर्यंत ताणू नका, कल कळला की लिव्हर मागे घ्या. परक्याच्या बोटीवर हेड उडवून घेण्यात शहाणपण नाही.

लोडवरच गरम होणारं इंजिन बहुधा पाण्याच्या वाटेचा दोष दाखवतं. बाहेरून आत चालत या. तळाच्या जाळीवर शिंपले, गाळणीत कचरा, पंपाच्या ओढीने आत चिपणारा म्हातारा रबरी नळ, मग इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं रबरी चाक. इम्पेलरची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं दिसलं आणि "नवा टाकतो" असं उत्तर मिळालं, तर विचारा की तुटलेलं पातं कुठे गेलं. ते पुढच्या कूलरच्या तोंडाशी अडकून बसलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं तुटलेल्या पात्यांची तिथे जत्रा भरलेली सापडते. तसंच झिंकचं. हीट एक्स्चेंजरमधल्या झिंक पेन्सिली (बाकी धातूऐवजी स्वतः गंजणाऱ्या जस्ताच्या कांड्या) झिजून मोडतात आणि त्यांचे तुकडे नळ्यांच्या तोंडाशी साठतात. झाकण काढून टॉर्च मारला की दिसतं.

याउलट, गार इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांतच गोड्या पाण्याचा (कूलंटचा) वरचा नळ दगडासारखा टणक झाला, इंजिन अजून तापलंही नाही, तर तो दाब उष्णतेचा नव्हे. तो सिलिंडरमधून येतोय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले तरी तेच. ही खूण दिसली की मी पुढची तपासणी थांबवून किमतीची चर्चा तिथेच सुरू करतो.

एल्बो आणि आफ्टरकूलर

इथे थोडं थांबतो, कारण बाहेरून निरोगी दिसणाऱ्या इंजिनांना मारणारे हे दोन भाग आहेत आणि ट्रायलमध्ये ते एक शब्दही बोलत नाहीत.

एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये तापलेला वायू आणि समुद्राचं पाणी पहिल्यांदा भेटतात. वायूत गंधकाचे अंश, पाण्यात मीठ, वर उष्णता. त्या जागी धातू आतून खात जातो. बाहेरची भिंत शाबूत दिसते आणि आतला पडदा भोक पडून गेलेला असतो. इंजिन चालू असताना वायूचा झोत पाणी मागे ढकलत राहतो, त्यामुळे काही कळत नाही. बंद केल्यावर साठलेलं पाणी थेंबथेंब उलटं टर्बोत, तिथून उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पुढच्या वेळी सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

तपासायचं असेल तर एल्बो उघडावाच लागतो. टर्बोच्या बाजूची काजळी कोरडी आणि एकसारखी काळी असायला हवी. त्यात धुतल्यासारखे पट्टे, तांबूस ओघळ किंवा पांढरं मीठ दिसलं तर पाणी आलं होतं. एल्बो किती वर्षांपूर्वी बदलला याची पावती मागा. खाऱ्या पाण्यात पाच ते दहा वर्षांत तो बदलायचा भाग धरतात. पावती नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. एल्बोची उंचीही बघा. त्याचा माथा भरल्या बोटीच्या पाणरेषेपासून साधारण ३० सेंटिमीटर तरी वर हवा. खाली असेल तर नवा एल्बोसुद्धा पाणी आत येण्याचा धोका टाळू शकत नाही.

आफ्टरकूलरचं दुखणं त्याच जातीचं. टर्बोने दाबून तापवलेली हवा गार करायला बऱ्याच इंजिनांत समुद्राचं पाणीच फिरवतात. नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या, घर ॲल्युमिनियमचं, मधे खारं पाणी. सील गळलं की पाणी थेट हवेच्या वाटेने सिलिंडरवर. तळाशी छोटं निचऱ्याचं भोक असेल तर तिथे मिठाचे पांढरे खडे जमलेत का ते बोटाने चाचपून बघा. "शेवटचं कधी काढून साफ केलं?" या प्रश्नावर विकणारा गोंधळला, तर ते कधीच निघालेलं नाही असं समजा.

ऑइल

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील, तिघांपैकी कोण ते पुढे कॉम्प्रेशन आणि टर्बो बघून ठरतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. यापुढचं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन्ही इंजिनांचे आणि दोन्ही गिअरबॉक्सचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. ट्रायलनंतर, ऑइल गरम असताना, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने काढलेला नमुना उत्तम. अहवालात लोखंड आणि क्रोमियम सिलिंडर-रिंगांची झीज सांगतात, शिसं आणि तांबं बेअरिंगकडे बोट दाखवतात, सिलिकॉन बहुधा धुळीकडे. सोडियम वाढलेलं असेल आणि सोबत पाणी सापडलं तर समुद्र आत शिरलाय का ते शोधा. सोडियमबरोबर ग्लायकॉल असेल तर गळती कूलंटची.

ऑइल गेल्या आठवड्यातच बदललं असेल तर नमुन्याला अर्थ उरत नाही. निदान वीस-पंचवीस तास चाललेलं हवं. विकण्याआधी ऑइल बदलणं हे चांगल्या मनानेही केलं जातं, त्यामुळे लगेच संशय घेऊ नका. पण जुना फिल्टर राहिला असेल तर मागून घ्या, पत्रा कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात पसरा. चमकणारे कण दिसले तर प्रयोगशाळेचीही गरज नाही.

कॉम्प्रेशन टेस्टसाठी नोजल काढावे लागतात आणि जुन्या इंजिनात ते निघता निघत नाहीत, म्हणून मी ती सरसकट सांगत नाही. गार स्टार्ट, झाकणाची फुसफुस किंवा निळा धूर यांपैकी काही खटकलं असेल तर मात्र करा. आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, बऱ्याच डिझेलांत ३५० ते ५०० पीएसआयच्या घरात. त्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे का ते बघा. नोजल निघालेच असतील तर त्याच भोकातून कॅमेरा घालून भिंती पाहून घ्या.

तास कमी, म्हणून इंजिन चांगलं?

तीस वर्षांची बोट आणि मीटरवर ६०० तास. जाहिरातीत हा आकडा ठळक छापतात. भागाकार केला तर वर्षाला वीस तास. म्हणजे हे इंजिन आयुष्यभर दमट हवेत, सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरत, उभं राहिलेलं आहे. वर्षाला शंभर तास चाललेलं, वहीत नोंदी असलेलं ३,००० तासांचं इंजिन मी त्याआधी निवडेन. मीटर बदललेला असू शकतो, तारही सुटलेली असू शकते, वही खोटी करणं जास्त कठीण असतं.

त्या तासांचं वजन इंजिन कुठल्या घडणीचं आहे यावरही ठरतं. कॅटरपिलर ३२०८ हे १०.४ लिटरचं व्ही-८ जुन्या यॉटवर खूप भेटतं. टर्बोविना ते २१० हॉर्सपॉवर देतं, टर्बो आणि आफ्टरकूलरसह त्याच ब्लॉकमधून ४३५ पर्यंत काढलेत. लिटरमागे २० आणि लिटरमागे ४२, यांचं आयुष्य सारखं कसं असेल? शिवाय त्याला बदलता येणारे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नाहीत. सिलिंडर झिजला की बोअरिंग, म्हणजे इंजिन बाहेर काढणं आलं. फोर्ड लेहमनचं १२० हॉर्सपॉवरचं ६.२ लिटरचं इंजिन संथ बोटींत दशकानुदशकं चालतं कारण त्याच्याकडून फार मागितलेलंच नाही. मात्र त्याच्या सिम्स इंजेक्शन पंपाचं ऑइल वेगळं असतं आणि ते वेगळं बदलावं लागतं. मालकाला हे ठाऊक आहे का, एवढ्यावरून निगेची कल्पना येते. डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका १९३८ पासूनची, टू-स्ट्रोक. नावातला ७१ म्हणजे एका सिलिंडरचे घनइंच. ती गार असताना धूर करते आणि ऑइल ओघळवते, त्याला घाबरू नका. तिची खास सोय अशी की ब्लॉकच्या बाजूची एअर बॉक्सची झाकणं काढली की लायनरच्या खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा प्रत्यक्ष दिसतात. मिस्त्री क्रँक हाताने फिरवतो, तुम्ही टॉर्च धरता, आणि रिंग तुटली आहे की शाबूत हे अंदाजाविना कळतं.

पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिन रूममधली हवा बाहेर फेकणारं यंत्र) किमान चार मिनिटं चालवा आणि बिल्जपाशी, म्हणजे तळाच्या खोलगट भागापाशी, नाक नेऊन वास घ्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं वय विचारा. बाकी बरंच वरचंच लागू पडतं.

तळ आणि सांगाडा तपासणारा सर्व्हेयर सहसा इंजिनाच्या आत शिरत नाही. इंजिनासाठी वेगळा माणूस घ्या, शक्य तर त्याच मालिकेवर हात बसलेला, आणि विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला अजून एक प्रश्न विचारा: इंजिन उतरवायचं झालं तर ते कुठून बाहेर निघेल? काही बोटींत वरची फळी उचलली की वाट मोकळी होते, काहींत केबिनचं लाकूडकाम आणि डेकच कापावा लागतो. तिथे इंजिनापेक्षा सुतारकामाचं बिल मोठं होतं.

ट्रायल संपवून धक्क्याला लागल्यावर सगळे वर चहाला जातात. तुम्ही जाऊ नका. निघण्याआधी दोन्ही एल्बोंखाली, पंपांखाली आणि गिअरच्या सीलखाली कोरडे पांढरे कागद पसरून ठेवलेले असावेत. इंजिनं बंद करून अर्धा तास जाऊ द्या, मग टॉर्च घेऊन उतरा. परवाच्या पाहणीत डावीकडचा कागद होता तसाच होता. उजव्या एल्बोखालच्या कागदावर नाण्याएवढा ओला डाग होता, कडेला तांबूस कडी. बोट टेकवून जिभेला लावलं, खारट लागलं. मिस्त्रीला हाक मारली आणि एल्बोचे बोल्ट सैल करायला सांगितले.